छापलंय तसं वाच

खडकपिंपरीत रोज दुपारी चार वाजता पेपर वाचला जायचा आणि तो सोनाजी वाचायचा.

वारंगा फाट्यावर एका बाभळीखाली त्याचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर ताडपत्री, खाली पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि पान्यांची पेटी. साडेदहाच्या नांदेड गाडीचा कंडक्टर पेपराचं बंडल त्याच्या पुढ्यात टाकायचा. फाट्यावरच्या दुकानांना पेपर देऊन झाले की दोन उरत. एक खडकपिंपरीच्या शाळेचा, एक माणिकराव पाटलांचा. दुपारी दुकान आवरून सोनाजी सायकलवरून कोसभर आत, गावात यायचा.

माणिकरावांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा होते. समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसे. परभणीच्या शिबिरात ऑपरेशन करून घ्या म्हणून सगळे सांगून थकले, पण ओळखीतल्या एकाचा डोळा शिबिरानंतर पार गेल्याचं ऐकल्यापासून त्यांनी तो विषय बंद केला होता. पेपर मात्र त्यांना रोज लागायचा. आधी शाळेचे गुरुजी वाचून दाखवत. पण गुरुजी कंटाळले की मधलं सोडून देत, आणि पाटलांना ते बरोबर समजे. एकदा फाट्यावर गाडीची वाट बघत बसले असताना त्यांच्या कानावर कुणाचं तरी खणखणीत वाचन पडलं. सोनाजी ट्रकवाल्यांना बाजारभाव वाचून दाखवत होता.

"कोन वाचून राहिलं?" पाटलांनी विचारलं.

"मी, मालक. खालच्या वाड्यातला सोनाजी."

"उद्यापासून माझ्याकडं येत जाय. गुरुजी गाळतेत. तू गाळू नको."

त्याला आता तीन वर्षं झाली होती. पाटील ओट्यावर, त्यांच्याभोवती पंधरा-वीस माणसं, आणि सोनाजी ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर. त्याचा चहाचा कप वेगळा होता. तो गोठ्यातल्या कोनाड्यात असे. सोनाजी तो काढून पुढं धरी, द्वारकाबाई वरून चहा ओतत, आणि पिऊन झाला की तो विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवी. हिंगोलीच्या बोर्डिंगात नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला त्या कपाचा अर्थ कळत नव्हता असं नाही. पण वाचनाचा तो एक तास त्याला आवडायचा. तो बोलायला लागला की गप्पा थांबत. रस्त्यात भेटलेला माणूस त्याला विचारी, "काय सोनाजी, पेपर काय म्हनला आज?" जसं काही पेपर म्हणजे तोच.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैच्या शेवटी औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मुंबईला झाला. सोनाजीनं ती बातमी वाचली तेव्हा आपला आवाज किंचित वर गेला हे त्याचं त्यालाच जाणवलं. पाटील म्हणाले, "फुडं वाच."

त्या संध्याकाळी सोनाजीच्या आईनं, रुक्माबाईनं, गुळाची ढेप फोडली. खालच्या वाड्यातल्या तीस घरांत तिनं खडा खडा दिला, आणि जिथं जिथं तिनं आयुष्यभर धुणीभांडी, निंदणी-खुरपणी केली होती त्या वरच्या आळीतल्या घरांतही नेला. द्वारकाबाईंनी पदरात घेतला. "कशाचा गं?" असं त्यांनी विचारलं, आणि रुक्माबाईनं सांगितलं, "बाबासायबाचं नाव लागलं मोठ्या शाळंला." द्वारकाबाई "बरं बरं" म्हणाल्या. एवढंच झालं होतं. बाकी काहीच झालं नव्हतं.

मग पेपर बदलला. निदान सोनाजीला तसं वाटलं. पुढं त्याच्या लक्षात आलं की पेपर आधीपासून असाच असेल, आपण तो कधी नीट वाचला नव्हता.

पहिल्यांदा त्याला एक शब्द खटकला. दुकानात बंडल सोडून तो रोजच्यासारखी नजर फिरवत होता. एका बातमीत लिहिलं होतं, 'नवबौद्धांच्या जमावाने एसटीवर दगडफेक केली.' तिच्याच खाली दुसरी होती: 'तालुक्यात तीन ठिकाणी झोपड्या जळाल्या.' जमावानं केली. आणि झोपड्या जळाल्या. कुणी जाळल्या नाहीत. जशी काही पावसानं भिंत पडावी तशा त्या आपोआप जळाल्या होत्या. त्यानं मागच्या दोन दिवसांचे पेपर काढून बघितले. आपल्या लोकांनी केलं असेल तिथं जात लिहिलेली. आपल्या लोकांवर झालं असेल तिथं करणाराच नाही. 'संतप्त विद्यार्थ्यांच्या भावना अनावर झाल्या' आणि त्याच्या पुढच्या ओळीत 'एक इसम दगावला.' कोण इसम, कशानं दगावला, काही नाही. हे सगळं त्यानं स्वतःच्याच तोंडानं दोन दिवस ओट्यावर वाचलं होतं, आणि चांगल्या खणखणीत आवाजात.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेव्हणा किशनराव आला. बायको, दोन लेकरं, आणि उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. त्याचं गाव कळमनुरीच्या पलीकडं, पैनगंगेच्या अंगाला. सोनाजीची बायको पद्माबाई भावाला बघून दारातच खाली बसली.

"आठ घरं होती आमची," किशनराव म्हणाला. "आठीच्या आठी गेली. ज्याच्या शेतात मी बारा वर्सं राबलो त्याच्याच बैलगाडीतून रॉकेलचे डबे आले. दिवसाढवळ्या. मी त्याला नावानं हाक मारली, तर त्यानं मान फिरवली."

"पोलीस?"

"आले. दुसऱ्या दिवशी. घरात चिमणी कशाला पेटती ठेवली म्हनले."

पद्माबाईनं त्याच्या हाताला कोरफडीचा गर लावला. सोनाजीला दुपारी जायचं होतं. तो गेला.

ओट्यावर त्या दिवशी गर्दी जास्त होती. पाटलांचे भाऊबंद तातेरावही आले होते. तातेरावांना फाट्यावर जाऊन बसायची आणि ऐकलेलं वाढवून सांगायची हौस होती. सोनाजीनं पहिलं पान वाचून आतलं उघडलं, आणि वाचता वाचता त्याची नजर जिभेच्या पुढं गेली. खाली किशनरावच्या गावाचं नाव होतं. 'आठ झोपड्या आगीत भस्मसात. सरकारी मदत मिळावी म्हणून नवबौद्धांनीच आपल्या झोपड्या पेटवून दिल्याची परिसरात चर्चा आहे.'

त्याच्या डोळ्यांपुढं ते ओलं फडकं आलं. आवाज थांबला असता तर सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं असतं. तो थांबला नाही.

"आठ घरं जाळण्यात आली," त्यानं वाचलं. "लहान लेकरांसह आठ कुटुंबं उघड्यावर पडली आहेत. पोलीस तपास करीत आहेत."

ओट्यावर कुणीतरी चुकचुकलं.

"कुनी जाळली म्हून लिव्हलंय?" पाटलांनी विचारलं.

"ते लिव्हलं न्हाई, मालक."

हे मात्र खरं होतं.

पाटील म्हणाले, "घर जाळू नये कुनाचं. आपल्या गावात असलं काही नको." दोन-चार जणांनी मान हलवली.

त्या दिवसापासून सोनाजी रोज दोन पेपर वाचायला लागला. एक सकाळी बाभळीखाली, छापलेला. दुसरा दुपारी ओट्यावर. 'नवबौद्ध वस्त्यांत हत्यारे जमा होत असल्याची चर्चा' ही ओळ तो सरळ गाळी. 'बहुसंख्य समाजाने किती सहन करायचे?' असा अग्रलेख आला त्या दिवशी त्यानं खताच्या भावाची बातमी दोनदा, सावकाश वाचली. श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेली माणसं तिकडून अफवा घेऊन आली, की बौद्धांनी कुठं तरी विहिरीत औषध टाकलं. पाटील म्हणाले, "पेपरात आलं न्हाई. आलं असतं तर सोनाजीनं वाचलं असतं." अफवा तिथंच मेली. ती बातमी पेपरात आली होती. सोनाजीनं ती गाळली होती.

घरी पद्माबाईनं विचारलं, "अवं, तुमी खोटं वाचून राहिले म्हनं? दादा सांगत व्हता."

"खोटं त्यात छापलंय."

"मंग ते बी खोटं आन् तुमी बी खोटं. उद्या कुनी धरलं तर?"

"कोन धरतं? गुरुजी सुट्टी टाकून गावाला गेले. शाळेचा पेपर कुनी उघडत बी न्हाई."

"पन काहून तुमीच? दुसरं कुनी न्हाई का?"

एवढे दिवस गाव शांत होतं. आजूबाजूच्या चार-पाच गावांतून धूर निघाला होता; खडकपिंपरीत कुणी कुणाला शब्दानं बोललं नव्हतं. ते आपल्या आवाजामुळं आहे असं त्याला वाटत होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त भिववत होतं. घसा बसला तर? ताप आला तर?

त्याच आठवड्यात तातेराव फाट्यावर खताच्या दुकानात बसले. त्या दुकानाचा मालक पेपराचा वार्ताहर होता. जोडधंदा. त्यानं सहज विचारलं, "तुमच्याकडं काय हालचाल?" तातेरावांना रिकाम्या हातानं बोलायला आवडत नसे. ते म्हणाले, गूळ वाटला. म्हणाले, बाहेरगावची माणसं येऊन राहिली खालच्या वाड्यात. सोनाजी त्या वेळी समोर बाभळीखाली एका ट्रकवाल्याची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याला ते दोघं बोलताना दिसले. ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी बंडल सोडलं आणि पान तीनवर, चौकटीत, त्याला आपल्या गावाचं नाव दिसलं.

'खडकपिंपरीत नवबौद्धांच्या गुप्त बैठका. बाहेरगावच्या संशयितांचा मुक्काम. मिठाई वाटून विजयोत्सव. सवर्ण ग्रामस्थांत भीतीचे वातावरण.'

त्यानं ते तीनदा वाचलं. बाहेरगावचे संशयित म्हणजे हात भाजलेला किशनराव आणि त्याची दोन लेकरं. मिठाई म्हणजे आईचा गूळ. त्यानं गावाचे दोन्ही पेपर घडी घालून पान्यांच्या पेटीत, तळाशी ठेवले. चार वाजता ओट्यावर जाऊन सांगितलं, "आज पेपर आला न्हाई, मालक. गाड्या बंद हायेत." गाड्या खरंच अधूनमधून बंद पडत होत्या. पाटलांनी मान हलवली, पण ते अस्वस्थ झाले. पेपर नाही म्हणजे दिवस अर्धा राहिल्यासारखं त्यांना होई.

दुसऱ्या दिवशी सोनाजी आला तेव्हा ओटा भरलेला होता. खाली अंगणातही माणसं उभी होती. काही चेहरे शेजारच्या गावचे होते. पाटलांच्या बाजूला त्यांचा मुलगा उत्तम बसला होता. नांदेडला कॉलेजात होता. कॉलेज बंद झालं म्हणून कुठल्या तरी ट्रकनं आला होता. त्याच्या मांडीवर पेपर होता, पान तीनवर घडी घातलेला.

"ये सोन्या," उत्तम म्हणाला. तो सोनाजीपेक्षा अठरा वर्षांनी लहान होता. "कालचा पेपर आला न्हाई म्हनं?"

"गाड्या..."

"नांदेडात तर आला. फाट्यावर बी सगळ्यायकडं हाय. हा बघ." त्यानं पेपर पुढं टाकला. तो पायरीवर पडला. "वाच."

सोनाजीनं पाटलांकडं बघितलं. पाटील त्याच्या दिशेला तोंड करून बसले होते, पण नजर त्याच्या डोक्यावरून कुठं तरी मागं होती.

"वाच," पाटील म्हणाले.

"छापलंय तसं वाच," उत्तम म्हणाला. "एक शब्द बी इकडचा तिकडं केला तर मी हितंच हाय."

सोनाजीनं वाचलं. खडकपिंपरीत नवबौद्धांच्या गुप्त बैठका. त्याला आवाज बारीक करता आला असता. पण तीन वर्षांची सवय, शब्द स्पष्ट उमटत गेले. बाहेरगावच्या संशयितांचा मुक्काम. अंगणात कुणीतरी पुढं सरकलं. मिठाई वाटून विजयोत्सव. त्याचाच आवाज भिंतीवर आपटून त्याच्याकडं परत येत होता, आणि त्या आवाजात ते सगळं खरं वाटत होतं. सवर्ण ग्रामस्थांत भीतीचे वातावरण. वाचून झाल्यावर त्यानं पेपर खाली ठेवला.

"मालक, ऐका," तो म्हणाला. "हा बाहेरगावचा म्हंजी माझा मेव्हणा किशनराव. त्याचं घर जळलं, हात भाजला. बैठक न्हाई काही न्हाई. मिठाई कुठली? गूळ व्हता. तुमच्या घरी बी आला व्हता. बाईसायबांना इचारा."

द्वारकाबाई दाराच्या आत उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

तातेराव खाली बघत होते. त्यांना कदाचित आपल्या बोलण्याचं काय झालं ते उमगलं असावं.

"तुला भ्या वाटून राहिलं का कुनाचं?" सोनाजीनं अंगणातल्या एकाला विचारलं. तो त्याच्याच वयाचा, लहानपणी त्याच्याबरोबर ओढ्यात पोहलेला. त्या माणसाची नजर खाली ठेवलेल्या पेपरावरच होती, आणि सोनाजीला कळलं की त्यानं मागचं काहीच ऐकलं नाही. जे वाचलं तेवढंच त्याच्या कानात गेलं होतं.

मग पाटील बोलले. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. तो म्हातारा झाला होता.

"सोनाजी, ह्या धा-पंधरा दिवसांत तू काय काय गाळलं?"

सोनाजीनं खाली ठेवलेल्या पेपराकडं बघितलं.

"काय काय घातलं पदरचं?"

"मालक, मी..."

"मला दिसत न्हाई," पाटील म्हणाले. "तुला ठावं हाय मला दिसत न्हाई. मी तुला पहिल्याच दिवशी म्हनलो व्हतो, गाळू नको."

पेपर खोटा आहे हे त्याला सांगता आलं असतं, पण आपणही या माणसाच्या आंधळेपणाचा फायदा घेतला हे खरं होतं. त्या एका खऱ्या गोष्टीखाली बाकीचं सगळं खरं दबून गेलं.

"उद्यापासून येऊ नको," पाटील म्हणाले, आणि उठून चाचपडत आत गेले.

उत्तम हसला. अंगणातली माणसं मात्र हसली नाहीत. कुणी ओरडलंही नाही. ती दोन-दोन, तीन-तीन मिळून हळू आवाजात बोलायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं सोनाजीला वाटलं.

तो गोठ्याच्या बाजूनं सायकल घ्यायला गेला. द्वारकाबाई मागल्या दारानं तिथं आल्या. त्यांनी कोनाड्यातला कप काढून त्याच्यापुढं धरला. "हा घिऊन जा तुझा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि तो हात पुढं करतोय तोवर, त्याच्याकडं न बघता, ओठ न हलवल्यासारखं बोलल्या, "लेकरायला घिऊन फाट्याला निघ. आजच."

दिवस मावळायला दोन तास होते. सोनाजीनं तीसही घरं फिरून काढली. काही जण म्हणाले, आमी कुनाचं काय केलं? काही जण किशनरावचा हात बघून मुकाट्यानं भांडी बांधायला लागले. रुक्माबाईनं ज्वारीचं अर्धं पोतं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. शेवटी सगळेच निघाले, फक्त सटवाजी सोडून. सत्तरीचा म्हातारा, त्याची गाय आज-उद्या विणार होती.

"अशा गाईला कोसभर चालवू का?" तो म्हणाला. "मला म्हाताऱ्याला कोन काय करतंय? तुमी जा. लक्ष्मीला घिऊन जा."

त्याची बायको लक्ष्मीबाई नातवंडांना घेऊन निघाली. ओढ्यापाशी ती एकदा थांबली, मागं बघितलं, पुन्हा चालायला लागली.

फाट्यावर धर्मसिंगचा ढाबा होता. एवढी माणसं बघून तो बाहेर आला. सोनाजीनं सांगायला सुरुवात केली, तर त्यानं हातानं थांबवलं. "पहले बच्चों को अंदर लाओ." ट्रकच्या ताडपत्र्या पसरून त्यानं मागच्या शेडात जागा करून दिली आणि भट्टीवर डाळीचं मोठं पातेलं चढवलं.

सकाळी नऊच्या सुमाराला धूर दिसला. आभाळ भरून आलेलं होतं, तरी तो वेगळा ओळखू येत होता. आधी एक काळी रेघ, मग ती पसरत गेली. शेडातली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. कुणी रडलं नाही. रुक्माबाई बोट करून ओळखायला लागली, "ते आपलं आसंल. त्याच्या अंगाचं, शेजारच्या जळबाचं." लक्ष्मीबाई रस्त्यावरून धावत सुटली. पद्माबाईनं आणि आणखी दोघींनी तिला धरून आणलं.

पोलीस दुपारी गेले. सोनाजी त्यांच्याबरोबर गेला. तीस घरांच्या मातीच्या भिंती उभ्या होत्या, वर काही नव्हतं. गाय पलीकडच्या शेतात चरत होती. तिच्या गळ्यातलं दावं विळ्यानं कापलेलं होतं. ती पहाटेच व्याली असावी. वासरू गोठ्याच्या आत होतं. सटवाजी वासराजवळ सापडला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाची गाडी वेळेवर आली. कंडक्टरनं बंडल टाकलं, सोनाजीकडं बघितलं आणि घंटी मारली. शेडातल्या बायका-माणसं गोळा झाली. "आपलं काय लिव्हलंय?" जळबानं विचारलं. "वाच."

सोनाजीनं वाचलं. 'खडकपिंपरीत आग. एका वृद्धाचा होरपळून मृत्यू. वस्तीतील सर्व नवबौद्ध आदल्या दिवशीच सामानासह निघून गेल्याने आग पूर्वनियोजित असल्याचा संशय ग्रामस्थांनी व्यक्त केला आहे.'

पद्माबाई नवऱ्याकडं बघत होती. आपण लोकांना वाचवायला बाहेर काढलं आणि त्याचाच पुरावा झाला, हे त्याच्या चेहऱ्यावर तिला दिसत असावं. थोड्या वेळानं लक्ष्मीबाईनं विचारलं, "आमच्या म्हाताऱ्याचं नाव हाय का त्यात?"

"न्हाई, काकू. 'एक वृद्ध' लिव्हलंय."

"मंग तू लिही."

सोनाजीनं धर्मसिंगकडून वही मागून घेतली. कुणाचं घर, घरात किती माणसं, आगीच्या आदल्या दिवशी ओट्यावर काय वाचलं गेलं, कोण कोण अंगणात होतं, सटवाजी कसा मागं राहिला, सगळं त्यानं सरळ लिहून काढलं. एकच गोष्ट त्यानं लिहिली नाही: जा म्हणून कुणी सांगितलं ती. खाली सह्या आणि अंगठे झाले. एक प्रत कळमनुरीला तहसीलदाराच्या हातात दिली. दुसरी घेऊन तो खताच्या दुकानात गेला.

वार्ताहरानं उभ्या उभ्या वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "सोनाजी, खरं सांगतो, मी चारच ओळी पाठवल्या होत्या. भीतीचं वातावरण वगैरे वर टाकलं त्यांनी. काल पण..."

"हे तर पाठवा."

"छापणार नाहीत. दोन्ही बाजू द्याव्या लागतात."

"सटवाजीकाकाची दुसरी बाजू कोनती?"

वार्ताहरानं कागद घडी घालून गल्ल्याच्या खाली ठेवला. तो छापून आला नाही. सोनाजी रोज सकाळी बंडल सोडून बघत राहिला, आणि आठव्या दिवशी त्यानं कंडक्टरला सांगितलं की उद्यापासून माझ्याकडं टाकू नका.

त्याच दिवशी तहसीलदारांची जीप आली. घरांसाठी पत्रे मंजूर झाले होते. सगळ्यांना खडकपिंपरीला नेण्यात आलं. जळक्या भिंतींपुढं शांतता समितीची सभा भरली. उत्तम पांढरा सदरा घालून पुढं होता. माणिकराव आले नव्हते. त्यांना बरं नाही असं तातेरावांनी सांगितलं. वार्ताहर आला होता आणि त्याच्याबरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस होता. त्याला एक फोटो हवा होता: गावाकडून उत्तम, बौद्धांकडून सोनाजी, हातात हात, मागं नवे पत्रे.

"दोन मिनिटांचं काम आहे," वार्ताहर हळूच म्हणाला. "चांगली बातमी जाईल. तुमच्याच फायद्याची."

उत्तमनं हात पुढं केला होता. सोनाजीनं लोकांकडं बघितलं. लेकरं पत्र्यांवर बोटं वाजवत होती. पावसाचे दिवस होते, पत्रे लागणार होते. त्यानं हात पुढं केला नाही, पण तो बाजूलाही झाला नाही. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

वार्ताहरानं वही काढली. "पूर्ण नाव सांगा. फोटोखाली टाकायला."

"लिव्हा," सोनाजी म्हणाला. "सटवाजी. वय सत्तर. हितं, ह्या भिंतीच्या आत, वासराजवळ सापडला. गाईचं दावं त्यानं कापलं व्हतं. बायकोचं नाव लक्ष्मीबाई. ती बघा, तिथं उभी हाय."

तो हे वाचत असल्यासारखाच बोलला, स्पष्ट, एकेक शब्द. वार्ताहराचं पेन पहिल्या नावावर थांबलं. त्यानं तहसीलदारांकडं बघितलं, उत्तमकडं बघितलं, मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "राहू द्या," तो म्हणाला. "नावं लागत नाहीत फोटोला."

जीप निघाली. वार्ताहर आणि फोटोवाला मागं बसले होते. त्यांना अजून दोन गावांच्या बातम्या करायच्या होत्या. त्यातल्या एका गावात, ड्रायव्हर म्हणत होता, अजून काही झालेलं नव्हतं.